गुंगी आणि परात

माझ्या शिलाई मशीनच्या खणात बॉबिन, खडू आणि तुटक्या बटणांच्या सोबतीनं एक अल्युमिनियमची चकरी पडून असते. गेल्या दिवाळीत भाचीच्या पोरानं ती उकरून काढली आणि "मावशीआजी, योयो!" म्हणून ओरडला. दोरा बोटात अडकवून त्यानं ती खाली सोडली, ती घूं करून फिरली. काही कळायच्या आत मी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली. पोरगं रडलं, त्याची आई माझ्यावर फुगून बसली. तिला मी काय सांगणार? या चकरीच्या कडेला एक खोल चेप आहे. ती चेप पडली तेव्हा ही रागावणारी बाई आपल्या आईच्या पदराखाली मावेल एवढी होती, आणि ती तिच्याच पायी पडली होती.

योयो हा शब्द आमच्या गावात तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता. भवरा एका जागी उभा राहून घूं करत फिरायला लागला की पोरं म्हणायची, गुंगला. म्हणून आमच्या घरात या चकरीचं नाव पडलं गुंगी. अल्युमिनियमलाही कुणी अल्युमिनियम म्हणत नसे, जर्मन म्हणत. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, तशी ही जर्मनची गुंगी. ती घडवली होती आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुमनअक्काच्या नवऱ्यानं. ते वसमतला एका वर्कशॉपात लेथवर होते. तिकडं शहरातल्या पोरांच्या हातात प्लास्टिकच्या चकऱ्या आल्या होत्या, त्या पाहून त्यांनी उरलेल्या गजाच्या तुकड्यातून ही काढली. अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला बघायला म्हणून ते आले, ओसरीवर बसले आणि शर्टाच्या खिशात हात घालून मला म्हणाले, "मेहुणीबाई, डोळे मिटा."

"काय हाय? सोनं?"

"सोन्याहून जास्त चमकतंय. पण विकायला गेलात तं कोणी इचारणार न्हाई."

दोन पेढे एकमेकांकडं पाठ करून शेजारी ठेवावेत आणि मध्ये दोऱ्यापुरती फट सोडावी, असा तिचा आकार. घासलेटात बुडवलेल्या पॉलिश पेपरनं तिला इतकं घासलं होतं की तिच्यात माझं तोंड दिसायचं, पण आडवं ताणलेलं, भोपळ्याएवढं. नीट पाहिलं तर चकाकीच्या खाली लेथच्या पात्याच्या बारीक बारीक गोल रेघा होत्या. नखानं आडवं ओढलं की कर्र आवाज यायचा आणि दात शिवशिवायचे. सकाळी ती रांजणातल्या पाण्यासारखी गार असायची, उन्हात ठेवली तर हातात धरवत नसे. मूठभर होती, पण वजन असं की हातात घेतली की मनगट खाली जायचं. खेळून झाल्यावर तळवा काळपट व्हायचा आणि त्याला भांड्याचा वास यायचा. तो वास मला फार आवडायचा, भाकरी खातानाही मी हात धुवायला कंटाळायची.

खेळायची गोम दोऱ्यात होती. आम्ही गोधडीचा दोरा दुहेरी पिळून घेतला. मधल्या आसाला गाठ मारायची नाही, नुसता सैल फास ठेवायचा, असं दाजींनी बजावलं होतं. गाठ मारली तर चकरी खाली जाते आणि मुकाट्यानं वर येते. फास ठेवला तर ती खाली जाऊन तिथंच फिरत राहते, गुंगते. तेव्हा आवाज कानात येण्याआधी बोटाच्या हाडात येतो. मग अलगद हिसका द्यायचा, की दोरा धरतो आणि ती सरसर वर येऊन तळव्यावर थाप् करून बसते. हे सगळं लिहायला सोपं. पहिल्या दिवशी तिनं माझा ओठ फोडला, दुसऱ्या दिवशी घोट्याचं हाड. मधल्या बोटाला दोऱ्याचा काच बसून बोट जांभळं पडायचं. मी रडत रडत खेळायची, पण सोडायची नाही.

अक्काला मात्र ती पहिल्या झटक्यात जमली. अक्का डावखुरी. एवढं पोट घेऊन ओसरीच्या कडेला बसायची आणि डाव्या हातानं गुंगी अशी सोडायची की ती जमिनीच्या वर बोटभर थांबून गुंगत राहायची. मला तिचा हेवा वाटायचा. पण भागाआत्यानं ते पाहिलं आणि खेळ बंद झाला. भागाआत्या म्हणजे आबांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला तेव्हापासून आमच्यातच. गावाची आणि शेजारच्या तांड्याची सुईण तीच, त्यामुळं निम्मं गाव तिला दबून असे. "चंदे, घे तिच्या हातातून ते," ती मला म्हणाली. "पोटुशीनं दोरा गुंडाळू न्हाई. पोटातल्या लेकराच्या गळ्याला नाळ गुंडाळती." अक्का हसली, पण तिनं गुंगी मला दिली. मी घाबरले. रात्रभर मला बाळाच्या गळ्याला गोधडीचा दोरा दिसत होता.

आणि मग गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या पहाटे तिकडं लातूरच्या अंगाला भूकंप झाला. आमच्याकडं फक्त बाजा हलल्या आणि कुत्री ओरडली, पण पुढच्या दिवसांत एसटीनं आलेला प्रत्येक माणूस नवं काहीतरी सांगायचा. माणसं भुईनं मारली नाहीत, माळवदांनी मारली, असं सगळे सांगायचे. आमचं घरही माळवदाचंच होतं. दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यांच्यावर हातभर मातीचा थर. गळू नये म्हणून आबा दर पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीची आणखी पाटी टाकायचे. ज्या मातीनं घर गार राहायचं, त्या मातीकडं आता मला मान वर करून बघवत नव्हतं.

आमचं गाव सिद्धेश्वरच्या धरणापासून फार लांब नाही. त्या दिवसांत जमिनीतून आवाज यायला लागले. अजूनही आमच्या भागात अधूनमधून जमीन आवाज करते, पेपरात येतं, साहेब लोक येऊन यंत्रं लावतात, माणसं चहा पाजून त्यांना परत पाठवतात. तेव्हा साहेबही आले नव्हते आणि यंत्रंही. पहिला आवाज मी ऐकला तो अंगणात, दिवसाउजेडी. मी गुंगी सोडली होती, ती खाली छान गुंगत होती, घूं आवाज चालू होता. मी हिसका दिला, ती वर आली, मी मूठ मिटली. तरी आवाज चालूच होता. घूंऽऽ, जाड, पायाखालून. मी मुठीकडं पाहिलं, मूठ गप्प होती. तेवढ्यात दगडांची गाडी जमिनीच्या पोटात रिकामी व्हावी तसा गडगडाट झाला आणि घरात फळीवरची जर्मनची भांडी खुळखुळली. मी जागच्या जागी चड्डी ओली केली. हे आज सांगायला मला लाज वाटत नाही, पुढं शेजारची थोरली माणसंही त्याच रांगेत होती.

सगळं गाव बाहेर आलं. चूल अंगणात आली, बाजा अंगणात आल्या. माय ज्वारीच्या भाकरी उघड्यावर थापायची आणि वाऱ्यानं तव्याखालचा जाळ एकीकडं पळायचा, त्यामुळं प्रत्येक भाकरी निम्मी करपलेली. अंबाडीची भाजी आणि करपट भाकरी, ही माझ्यासाठी अजून भीतीची चव आहे. आबांनी मेंढरंसुद्धा दगडी वाड्यातून काढली आणि घरामागच्या मोकळ्या रानात बाभळीखाली बसवली. आणि अशा दिवसांत अक्काला कळा आल्या. भागाआत्यानं तिला आत नेलं. माळवदाखाली, मधल्या खोलीत, जिला बाहेर उघडणारी खिडकी नव्हती. मुलगी झाली. आत्यानं थाळी वाजवली तेव्हाही लोक दचकून पळाले.

लेकरू धड होतं, नाळ कुठंच गुंडाळलेली नव्हती. पण आता त्या दोघी आत आणि आम्ही बाहेर. सुवेर फिटेपर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, हा आत्याचा कायदा. खोलीत शेगडी, ओव्याची धुरी, अक्काच्या कानाला घट्ट फडकं. गूळ-तूप घातलेली भाकरी मी आत न्यायची, तेव्हा ती घास तोंडात धरून वर बघत असायची. एका सकाळी आबा दारापर्यंत आले आणि बाहेरूनच विचारलं, "काही तकलीफ न्हाई ना बाई?"

अक्का म्हणाली, "आबा, मेंढरं बाहेर काढली. मला काहून न्हाई?"

आबा आत्याकडं वळले. आत्या म्हणाली, "मेंढरांना वारं लागत न्हाई. लेकराला लागतं." आणि मग तिचा आवाज खाली गेला. "माह्या लेकराला लागलं व्हतं, ठावं हाय तुला." ते सगळ्यांना ठाऊक होतं. आत्या मेंढरांमागं फिरताना रानातच बाळंत झाली होती, ऐन पावसात, आडोसा नसलेल्या जागी. ते लेकरू हाती लागलं नाही, पुन्हा झालं नाही. आम्ही सगळे माळवदाला भीत होतो, ती उघड्या आभाळाला भीत होती. तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती, आबांचीही.

पण आबा दिवसभर विचार करत होते. दुपारी माझ्याकडं आले आणि हात पुढं केला. "दे पोरी ती गुंगी. तिला कामाला लावू." त्यांनी बाळंतिणीच्या खोलीत, बाजेच्या पायथ्याशी, भिंतीलगतच्या लाकडी खांबाला एक खुंटी ठोकली, दोऱ्याचं बोटात घालायचं वेढं तिच्यात अडकवलं, आणि गुंगी खाली लोंबती सोडली. तिच्या बाजूला भिंतीशी पितळी परात उभी केली. "भुई हलली की आधी ही हलंल," ते आत्याला म्हणाले, "परातीवर आदळंल. वाजली की सुमनला बाहेर काढायचं. मंग तू आडवी यायचं न्हाई."

आत्यानं गुंगीकडं पाहिलं, मग परातीकडं. "वाजली तं म्या सोता लेकरू उचलीन," ती म्हणाली. "पण वाजल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई. बराबर?"

"बराबर," आबा म्हणाले.

माझं खेळणं असं पंच झालं. आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला मला बसवलं, कारण मायला बाहेरचं काम आणि आत्याला इतर ठिकाणची बाळंतपणं. धुरानं डोळे चुरचुरत, घामानं परकर पायाला चिकटलेला, मी बाजेच्या पायाशी बसून राहायची. दोऱ्याला जुना पीळ होता, त्यामुळं गुंगी आपोआप इकडून तिकडं वळायची, आणि तिच्या चकचकीत अंगावरून शेगडीचा लाल ठिपका सरकायचा. मला वाटायचं, ती आपणहून वाजेल. मला वाटायचं, ती कधीच वाजणार नाही. यांपैकी जास्त भीती कशाची होती ते आजही मला सांगता येत नाही. अक्का मधूनच विचारायची, "हलली का गं?" आणि मी म्हणायची, "न्हाई." बाळ झोपेत ओठ हलवायचं.

मग खरंच हललं. आबा मेंढरांमागं गेले होते. आधी तो पायाखालचा घूं, मग गडगड. बाहेर बायका ओरडल्या. बाहेरच्या खोलीतल्या फळीवरची भांडी वाजली. वरून माती सुटली आणि बाळाच्या गालावर पडली. अक्का बाळावर ओणवी झाली, पाठीची कमान करून, जणू तिच्या पाठीवर ते माळवद तोललं जाणार होतं. मी गुंगीकडं पाहत होते. ती हलली. ती परातीकडं गेली, अगदी जवळ गेली, आणि माघारी आली. पुन्हा गेली, पुन्हा माघारी. आणि थांबली. परात गप्प.

आत्या धापा टाकत उंबऱ्यात आली. "वाजली का?"

"न्हाई. पण आत्या, माती पडली. लेकराच्या तोंडावर पडली."

"वाजली न्हाई ना?" ती म्हणाली. चौकट धरून तिनं वर माळवदाकडं पाहिलं. "मंग बसा."

मी तिला म्हटलं, परात जरा जवळ सरकवू. ती म्हणाली, "आता सरकवली तं ती उंदीर पळाला तरी वाजंल. लावली तशीच ऱ्हाऊ द्या." यात तिचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. पदराच्या टोकानं अक्का बाळाच्या गालावरची माती टिपत राहिली, माती संपली तरी टिपत राहिली. मग तिनं मान वर केली आणि गुंगीकडं पाहिलं, लग्नाआधी माझ्या हातातली बोरं पळवताना बघायची तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा मेंढरांना पाणी पाजायला घरी आले होते. अक्का मला म्हणाली, "चंदे, शेगडी इझली. मायकडून इस्तू आण." शेगडी विझलेली नव्हती. मी ते पाहिलं, तरी उठले, त्या खोलीतून बाहेर पडायला मला काहीही कारण चाललं असतं. माय चुलीतून चिमट्यानं निखारे काढत होती. पहिला निखारा तव्यावर पडला आणि आतून परात कडाडली. ठाण! मग पुन्हा, ठाण! ठाण! अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी.

"आलाऽऽ! आलाऽऽ!" शेजारून कुणीतरी बोंब मारली. बायका लेकरं ओढत पळाल्या. कुणाचं तरी दूध सांडलं, कुत्रं त्याच्यामागं. आणि आमच्या दारात अक्का आली. कानाचं फडकं सुटलेलं, केस मोकळे, बाळ पदराखाली छातीशी. तिनं उंबरा ओलांडला आणि कुणाकडं न बघता सरळ घरामागं पळाली, बाभळीपर्यंत, आणि मेंढरांच्या मधोमध मटकन खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर ऊन होतं. इतक्या दिवसांत तिला मी उजेडात पाहिलं नव्हतं, ती पिठासारखी पांढरी दिसत होती.

लोक जमले. आणि हळूहळू एकमेकांकडं बघायला लागले. कारण काहीच झालेलं नव्हतं. भांडी वाजली नव्हती, माती पडली नव्हती. आबांनी मेंढरांकडं पाहिलं, आणि मी आबांकडं. जमीन हलायच्या आधी मेंढरं एका जागी दाटी करतात, माना वर करतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत. ती निवांत बसून रवंथ करत होती. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "मला तं काही कळलं न्हाई. कवा हललं? उगंच वाजली जणू. न्या की बाळंतिणीला आत."

अक्कानं बाळ अजून घट्ट धरलं. मला वाटलं, आता नेतात तिला. आता पुन्हा तो धूर आणि ती खोली, आणि त्यांच्यासोबत मीही आत.

"हललं," आबा म्हणाले. "माह्या पायाला लागलं."

माझे आबा बाजारात मेंढराचं वयसुद्धा खोटं सांगत नसत. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी असा लाल झालेला पाहिला नाही. मागून माय आली, चिमट्यात निखारा तसाच धरलेला, आणि म्हणाली, "व्हय. माह्या तव्यालाबी लागलं." तेवढ्यात मला ते दिसलं. अक्काच्या पदराखालून, डाव्या बाजूला, गोधडीचा दोरा खाली आला होता, आणि त्याच्या टोकाला गुंगी लोंबत होती. गवताच्या वर बोटभर, सावकाश फिरत, ऊन फेकत. घाईत बोटातलं वेढं काढायचं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. कडेला नवी चेप होती. मी ओरडणार होते, हाताची मूठ मी तोंडात घातली.

लोक पुढं विचारायचे, मग पडलं का तुमचं माळवद? नाही पडलं. काही वर्षांनी आबांनीच ते उतरवलं आणि वर पत्रे टाकले, ते अजून आहेत. म्हणजे अक्का आत राहिली असती तरी जगली असती, असं कुणी म्हणू शकतं. म्हणणाऱ्यानं त्या खोलीत एक दुपार बसून दाखवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

भागाआत्या माणसांतून वाट काढत पुढं आली. तिची नजर फार तेज होती, अंधारात नाळ कापलेली बाई. तिनं आधी मेंढरांकडं पाहिलं, मग आबांकडं, मग अक्काच्या डाव्या हाताकडं. मला वाटलं, संपलं. ती अक्काच्या पुढ्यात उकिडवी बसली, लोकांकडं पाठ करून, आणि आपला पदर दोघींवर घेतला. पदराखाली तिचे हात हलताना मला दिसत होते. बोटाला काच बसला होता, वेढं निघायला वेळ लागला. मग काहीतरी जड तिच्या कमरेच्या ओच्यात गेलं. अक्काचे डोळे मिटलेले होते आणि त्यांतून पाणी येत होतं.

"हात झाक," आत्या तिला म्हणाली. "वारं लागंल."

मग ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि आबांवर अशी खेकसली की मेंढरं उठून उभी राहिली. "उभा काय ऱ्हायलास? घोंगड्या आण, चारी अंगानं आडोसा कर लेकराला. वाजली म्हंजे वाजली."